‘पोरीचं सोडवा, माझं राहू द्या’ : एका जटेचं प्रकरण

मार्च २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातली सातवीतली मुलगी दहा दिवस तापाने झोपून होती. उठली तेव्हा मानेवरचे केस गुंतून त्यांचा सुपारीएवढा गोळा झाला होता. शेजारच्या जोगतिणीने, म्हणजे यल्लम्मा देवीला सोडलेल्या बाईने, तो पाहिला, त्याला भंडारा लावला आणि म्हणाली, “आली बघ. आईच्या डोस्क्यावरनं लेकीच्या डोस्क्यात आली.” मुलीच्या आईच्या डोक्यावर अकरा वर्षांची जट होती.

दुसऱ्या दिवशी ती आई मुलीला घेऊन शाळेत गेली. डोक्यावर पदर, मान डावीकडे कललेली. वर्गशिक्षिकेच्या टेबलापाशी उभी राहून तिने एवढंच सांगितलं, “पोरीचं सोडवा. माझं राहू द्या.”

खोबरेल तेल, रुंद दातांचा कंगवा आणि चाळीस मिनिटं. एकही केस कापावा लागला नाही. आई दाराबाहेर उभी राहिली, आत आली नाही. पुढच्या तीन रात्री ती मुलीच्या उशाशी जागी होती, पोरीला काही होतंय का ते बघत. चौथ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी मला बोलावलं.

मी तालुक्याच्या गावी समुपदेशनाचं काम करते. मुलीच्या आईला मी इथे अक्का म्हणते, आमच्या सीमाभागात म्हणतात तसं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे सगळं मुलीने त्यांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

जट आली तेव्हा

अक्कांना २००९ मध्ये मुलगी झाली. २०११ मध्ये मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला. त्यानंतर चार महिने त्या अंथरुणावर होत्या. जेवणाकडे लक्ष नाही, अंघोळ नाही, केसांना कंगवा नाही. एखाद्या डॉक्टरच्या नजरेस पडल्या असत्या तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे उपचार सुरू झाले असते. पण त्यांना पाहिलं ते सासूबाईंनी आणि जोगतिणीने. दुःखाला कुणी नाव दिलं नाही. केसांतल्या गुंत्याला मात्र कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचं नाव मिळालं. मंगळवारी त्यावर हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली आणि ताकीद दिली : कंगवा नाही, कात्री नाही, पाणीसुद्धा विचारून. जटेला धक्का लागला तर घरातलं माणूस जाईल.

बाळ गेलेल्या बाईला घरातलं माणूस जाण्याची भीती घालणं म्हणजे काय, याचा विचार मी फार वेळा केला आहे.

जट होते कशी, हे सांगायला फारसं काही नाही. केस धुतले-विंचरले नाहीत की डोक्याचा तेलकटपणा, घाम, धूळ, भंडारा, उवा हे सगळं एकत्र येतं आणि केस लोकरीसारखे एकमेकांत रुतत जातात. वैद्यकात याला प्लायका पोलोनिका म्हणतात, पोलंडवरून. तिथल्या खेड्यांतही असा गुंता कापला तर माणूस आजारी पडतो, आंधळा होतो, असा समज होता. एकोणिसाव्या शतकात क्राकवच्या योझेफ डीटल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध बरंच काम केलं. मी हे अक्कांना सांगितलं ते त्यांची समजूत खोडावी म्हणून. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे तिकडच्या बायकांस्नी बी झालंय.” माझ्या युक्तिवादातून त्यांनी एवढंच उचललं : आपण एकट्या नाही. त्या वेळी मला ते पुरतं कळलं नाही.

आमच्या भागात जटेचा अर्थ आणखी खोल होता. मुलीच्या केसात जट आली की देवीने तिला मागितलं, असं समजून तिला यल्लम्माला सोडत. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांताने १९३४ मध्ये कायदा केला, कर्नाटकाने १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये नवा. मुली सोडणं पुष्कळ कमी झालं, पण जटेची भीती कायद्याला हाती लागत नाही. अक्का शाळेत धावल्या त्यामागे ही सगळी आठवण होती. त्यांच्या आजीची बहीण देवीला सोडलेली होती.

जटेने काय दिलं होतं

पहिल्या दोन भेटींत अक्का फक्त देवीआईच्या कोपाबद्दल बोलल्या. तिसऱ्या भेटीत मुलगी पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. “ताई, आईचं मी बघून घीन. पर जट गेली की मालक पुन्यांदा हात उचलतील.”

लग्नानंतर चार वर्षं त्यांनी मार खाल्ला होता. जट आल्यावर तो एका दिवसात थांबला. देवीच्या बाईवर हात टाकायचा नसतो. अंथरूणही वेगळं झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारपाजारच्या बायका हळद-कुंकू लावायला येत, पाया पडत, पोराबाळांसाठी काही विचारत. त्या दोन दिवशी अक्कांना घरात कुणी अरेतुरे करत नसे. जोगतिणीबरोबर परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायला त्या जात, आणि वाटेत त्या दोघींचं जे बोलणं होई ते अक्कांच्या आयुष्यातलं एकमेव मोकळं बोलणं होतं.

उरलेले पाच दिवस वेगळे. जटेला वास येई, मग लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसत नसे. बचत गटात त्यांना घेतलं नव्हतं. पाठीवर रुळणाऱ्या त्या वजनाने मान आखडलेली, डाव्या कानामागे जखमा, उवा, अर्धवट झोप. डोकं टेकायला त्या उशीशेजारी जटेसाठी वेगळी घडी ठेवत.

मार्लीन विनेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये धर्मातून आलेल्या मानसिक आघाताचं एक वर्णन मांडलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९९४ पासून ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ अशी नोंद आहे. ती आजार म्हणून नाही, लक्ष द्यावं असा प्रश्न म्हणून. भीती, अपराधीपणा, स्वतःच्या निर्णयावर विश्वास नसणं, आपली माणसं गमावणं, हे सगळं अक्कांमध्ये होतं. पण विनेल यांचं वर्णन मुख्यतः धर्म सोडणाऱ्या माणसाचं आहे. अक्कांना यल्लम्मा सोडायची नव्हती. त्यांना भीती सोडायची होती, आणि भीतीबरोबर जो मान, जो आसरा, जी सोबत मिळाली होती ती गमवायची नव्हती. हा पेच नीट मांडला नाही तर पुढचं सगळं चुकतं.

माझं एकदा चुकलं होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बाईंची जट आम्ही पहिल्याच भेटीत, त्यांच्या होकाराच्या तासाभरात, कार्यक्रम करून सोडवली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. दोन महिन्यांनी सासरच्यांनी त्यांना माहेरी पाठवलं. पुढच्या भेटीला त्या आल्या नाहीत, फोन उचलला नाही. त्यांच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि पायाखालची जमीनही गेली, आणि ती धरायला आम्ही तिथे नव्हतो. अक्कांच्या वेळी मी ठरवलं, आधी माणसं जमवायची. कात्री कितीही उशिरा चालेल.

वही

एप्रिल ते जुलै आम्ही जटेला हात लावला नाही. पहिलं काम घरातलं. अक्कांच्या भावाला बोलावलं, गावातल्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना आणि शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवलं. पुन्हा हात उचलला तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज जाईल, हे भावाने आणि मी मालकांना समोर बसवून सांगितलं. दरडावून नाही, पण चहाचा कप खाली ठेवून. बँकेचं खातं अक्कांच्या नावावर उघडलं.

दुसरं, ग्रामीण रुग्णालय. रक्त कमी होतं, जखमांवर औषध सुरू झालं. जिल्हा रुग्णालयातून महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्यासाठी कमी मात्रेची गोळी दिली, ती पुढे आठ महिने चालली. अकरा वर्षांपूर्वीच्या बाळाबद्दल अक्का त्या खोलीत पहिल्यांदा रडल्या. बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी त्यांनी ते मला सांगितलं, मनातल्या मनात ठेवलेलं.

तिसरं, वही. अक्कांना लिहिता येत नाही, म्हणून लिहायचं काम मुलीकडे आलं. ठरलं असं की भीतीची लहान लहान कामं करायची आणि काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, मग दोन दिवसांनी काय झालं ते. पहिली नोंद : ‘बुधवार. पुढचे सुटे केस विंचरले. काय होईल : ताप येईल. काय झालं : काही नाही.’ मग शिकेकाईने मानेखाली धुणं. मग मंगळवारी विंचरणं. मग जटेचं टोक, बोटभर, मुलीच्या हाताने. त्या नोंदीत ‘काय झालं’च्या पुढे मुलीने लिहिलंय, ‘म्हैस व्याली. रेडी झाली.’

वही मुलीच्याही कामाची होती, हे मला उशिरा लक्षात आलं. ती रोज रात्री स्वतःच्या मानेवरचे केस चाचपायची. जूनमध्ये चाचपणं थांबलं.

या काळात काही जणांनी जोगतिणीविरुद्ध तक्रार करायला सुचवलं. नरबळी आणि इतर अमानुष प्रथांविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याकडे आहे, आणि तो व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. त्या वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाल्यावरच वटहुकूम निघाला. त्या कायद्याची किंमत मला ठाऊक आहे. तरीही मी तक्रारीला तयार झाले नाही. जोगतीण साठीच्या पुढची, लहानपणी देवीला सोडलेली. तिने जे सांगितलं तेच तिला सांगितलं गेलं होतं. अकरा वर्षं अक्कांशी मायेने बोलणारी ती एकटीच होती.

बुधवार

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात अक्कांनी स्वतः दिवस सांगितला. मंगळवार नको, शुक्रवार नको, अमावास्या नको. मी वाद घातला नाही. पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत, त्यांच्यासारख्यांमुळे हे काम आता कसं करायचं ते आमच्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. नर्सबाई, शाळेतल्या बाई, मुलगी आणि मी, एवढेच होतो. दार लावलं. फोटो नाही.

अक्कांनी आधी देव्हाऱ्यापुढे हात जोडले. कात्री बोथट होत होती, दोनदा बदलावी लागली. कवटीला धरून वाढलेला भाग हळूहळू उचलत कापताना आतून जुना भंडारा पडत होता, पिवळा, ओलसर. सव्वा तास लागला. जट तराजूत ठेवली तेव्हा १ किलो ३०० ग्रॅम भरली. अक्कांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला आणि त्यांना चक्कर आली. इतकी वर्षं मान एका बाजूला ओढून धरायची सवय, ओढणारं काही उरलंच नव्हतं.

जटेचं काय करायचं? मला ती जाळून टाकावीशी वाटत होती, म्हणजे धाक संपेल. अक्कांनी हिरव्या खणात ती गुंडाळली, बांधावरच्या लिंबाखाली खड्डा करून पुरली, वर पाणी घातलं. घरी परत येताना म्हणाल्या, “बाळाला बी तिथंच ठेवलंय.” मला हे माहीत नव्हतं. जाळायचा आग्रह धरला नाही याबद्दल मला आजही हायसं वाटतं.

गाय

खरी परीक्षा सप्टेंबरात आली. त्या वर्षी जनावरांच्या लम्पी रोगाची साथ ऑगस्टमध्ये जळगावकडून महाराष्ट्रात शिरली आणि बघता बघता आमच्याकडे पोहोचली. अक्कांच्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या, पाच दिवसांत गाय गेली. नवरात्राला आठवडा होता. जोगतीण दारात येऊन गेली, आत आली नाही. सासूबाईंनी अबोला धरला. त्या रात्री अक्कांनी मुलीकडून वही घेतली आणि चुलीजवळ ठेवली.

सकाळी मी पोहोचले तेव्हा वही होती, जाळली नव्हती. अक्का म्हणाल्या, “ताई, हितं काय लिवायचं?” ‘काय होईल’च्या रकान्यात इतके महिने जे लिहिलं जात होतं ते झालं होतं. मी काहीही बोलले असते तरी ते हलकं पडलं असतं.

उत्तर पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यातून आलं. गावात त्या पंधरवड्यात अकरा जनावरं गेली होती. सरकारने गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी भरपाई ठरवली होती, म्हणून घरोघरी पंचनामे चालू होते. अक्का सहीसाठी रांगेत उभ्या राहिल्या. पुढे सरपंचांची भावजय, मागे मशिदीशेजारचे चाचा, त्यांच्याही दोन गाई गेलेल्या. चाचा म्हणाले, “अक्का, तुमची पांढरी व्हय? लई गरीब गाय.” अक्का मला नंतर म्हणाल्या, “त्येंच्या घरात कुनाला जट न्हाई.” वहीत त्यांनी मुलीला लिहायला लावलं : ‘गाय गेली. सगळ्यांच्या गेल्या.’

त्या रांगेने जे केलं ते माझ्या चार महिन्यांच्या बोलण्याने झालं नव्हतं. कारणमीमांसा मी आधीही सांगितली होती. पण आपलं नुकसान गावाच्या नुकसानीत मोजलं जाणं, आपल्या गाईची आठवण दुसऱ्याने काढणं, हे अक्कांच्या वाट्याला पहिल्यांदा आलं.

शुक्रवार संध्याकाळ

जट गेली तशा मंगळवार-शुक्रवारच्या बायकाही गेल्या. हे होणार हे आम्हाला माहीत होतं, तरी त्याचं रितेपण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. शुक्रवारी दिवेलागणीला अक्का अंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून ओट्यावर बसत, आणि कुणी येत नसे. रात्री कूस बदलताना त्यांचा हात अजूनही जट उचलायला मागे जाई. डोक्यावर वजन आहे असं वाटे, कधी जास्तच. त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. वेड लागलं असं मी समजेन, ही भीती.

ऑक्टोबरात मी तालुक्याला चार बायकांना एकत्र बोलावलं. वेगवेगळ्या गावांच्या, प्रत्येकीची जट कधी ना कधी सोडवलेली. अक्का पाचव्या. पहिला तासभर कुणी जटेचा विषय काढला नाही. शेंगा, पाऊस, पोरांच्या फिया. मग कागलकडच्या एक मावशी सहज म्हणाल्या, “मला पहिलं वरीसभर वजन लागायचं बघा. झोपंत हात मागं जायचा.” अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ रडल्या. मावशींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, त्या आखूड, उभ्या केसांवरून. अकरा वर्षांत भंडारा लावायला सोडून कुणी त्यांच्या डोक्याला हात लावला नव्हता.

तेव्हापासून महिन्याचा पहिला शुक्रवार या पाच जणींचा. गावातल्या बचत गटाची बैठक शनिवारी असायची. शाळेतल्या बाईंनी गटाच्या अध्यक्षांशी बोलून ती शुक्रवारी दिवेलागणीला आणली आणि अक्कांना घेतलं. गटातल्या दोघींनी कुरकुर केली. बैठक अक्कांच्या ओट्यावर भरते, कारण तिथे वारा असतो. शंभर रुपये महिना, नोंदी मुलगी करते. मालकांनी एकदा, दारू पिऊन, हात उचलला. ओट्यावर आठ बायका होत्या. पुन्हा तसं झालेलं नाही. त्यांच्याशी नातं सुधारलं असं मात्र मी म्हणणार नाही.

डोंगर

५ फेब्रुवारी २०२३ ला माघी पौर्णिमा होती. जानेवारीतच अक्कांनी सांगितलं, यात्रेला सौंदत्तीच्या डोंगराला, यल्लम्माकडे जायचंय. आमच्यातल्या काहींना हे पटलं नाही. इतकं करून पुन्हा तिथेच? मलाही वाईट वाटलं, ते मी लपवू शकले नाही. अक्का म्हणाल्या, “ताई, तिनं माझं काय केलं? माणसांनी केलं. मी तिला सांगून येते.”

कोल्हापूरहून यात्रेच्या जादा गाड्या सुटतात. पाचही जणी गेल्या. दर्शनाआधी जिथे अंघोळ करतात त्या जोगुळभावीला त्यांनी अंघोळ केली, आणि अक्कांनी सगळ्यांसमोर डोक्यावरचा पदर मागे घेऊन केसांना साबण लावला. रांगेत कुणीतरी विचारलं, कुणाचं सुतक? मावशींनी उत्तर दिलं, “कुनाचं न्हाई. डोस्कं धुतलंय.” गाभाऱ्यासमोर त्या किती वेळ थांबल्या, काय बोलल्या, ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आल्यावर गोळीशिवाय झोप लागू लागली. मार्चअखेरीस डॉक्टरांनी ती बंद केली.

जोगतीण अजून बोलत नाही. अक्का तिच्या घरी सणाला पोळ्या पाठवतात, ताट रिकामं परत येतं. हे दुःख अक्कांना आहे, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

आता केस खांद्याच्या खाली आले आहेत. शुक्रवारी त्या कात्रीला हात लावत नाहीत. मान अजून किंचित डावीकडे जाते, व्यायाम चालू आहे. वही मुलीच्या दप्तरात आहे, तिची पानं संपली.

गेल्या महिन्यापासून अक्का शेजारच्या गावात एका एकोणीस वर्षांच्या मुलीकडे जातात. लग्नाला वर्ष झालं, डोक्यावर सहा महिन्यांची जट. चार वेळा जाऊन आल्या. मी विचारलं, काय म्हणते ती? अक्का म्हणाल्या, अजून इषय काढला नाही. दोघी बसून शेंगा फोडतात.